घराचा पाया आणि झाडाचें मूळ



आजच्या भाषणाचा विषय वरवर पाहतां अगदीं किरकोळ वाटण्याचा संभव आहे. राज्यें कशीं उभीं राहिलीं व कशीं लयास गेलीं हा इतिहासाचा विषय. घराची भिंत कां फुटते हा गवंड्याचा विषय, असें कोणीहि म्हणेल. परंतु ज्या प्रश्नावर अथेन्सच्या सोलननें कायदा केला, रोमच्या बादशहानें निवाडा दिला, उज्जयिनीच्या वराहमिहिरानें नियम घालून दिला, मराठी राज्याच्या अमात्यांनीं किल्लेदारांस ताकीद लिहून ठेविली, आणि ज्यावर अगदीं अलीकडे, २००१ सालीं, इंग्लंडच्या अंतिम न्यायासनानें निकाल दिला, तो प्रश्न इतिहासाच्या कक्षेबाहेरचा कसा म्हणावा ? माणसानें बांधलेलें घर आणि त्याच्याजवळ वाढणारें झाड यांनीं एकमेकांच्या शेजारीं कसें नांदावें, हा तो प्रश्न. झाडाचें मूळ घराच्या पायाकडे वळलें तर दोष कोणाचा, उपाय कोणता, आणि तो केव्हां करावा, याचा विचार माणूस निदान अडीच हजार वर्षें करीत आला आहे. त्या विचाराचा थोडक्यांत मागोवा घेण्याचा माझा हेतु आहे.

प्रथम मूळ करतें तरी काय, हें पाहूं. वर जेवढें झाड, तेवढेंच त्याचें मूळ खालीं सरळ पाताळांत गेलेलें असतें, अशी आपली सर्वसाधारण कल्पना असते. वस्तुस्थिति निराळी आहे. बहुतेक झाडांचीं बरींचशीं मुळें जमिनीच्या वरच्या तीन-चार फुटांच्या थरांतच असतात. आणि तीं आडवीं, फांद्यांच्या घेराच्याहि पुष्कळ पलीकडे पसरलेलीं असतात. हवा, ओलावा आणि मातींतील कस हीं तिन्ही त्या थरांत विपुल असल्यामुळें मुळांना खोल जाण्याचें प्रयोजन पडत नाहीं. मुळाचें टोंक तर अतिशय नाजूक. धड बांधलेल्या, दर्जा नीट भरलेल्या भिंतीस भोंक पाडण्याचें सामर्थ्य त्याच्या अंगीं नसतें. तें फट शोधतें. फटींत ओल सांपडली कीं आंत शिरतें, आणि मग वर्षानुवर्षें जाड होत जातें. सुतार लाकूड फोडतांना पाचर ठोकतो. मूळ हें स्वतःच वाढत जाणारी पाचर आहे. मोरीच्या व सांडपाण्याच्या नळांचेंहि तसेंच. सांधा घट्ट असेल तर मूळ सहसा नळांत शिरत नाहीं. सांधा पाझरत असेल तर मात्र त्या पाझराच्या मागानें तें आंत जातें आणि केसांच्या झुबक्याप्रमाणें सारा नळ भरून टाकतें.

आपल्या देशांत याला आणखी एक जोड मिळाली आहे. वड, पिंपळ आणि उंबर हे वृक्ष जमिनींतूनच उगवतात असें नाहीं. त्यांचीं फळें पक्षी खातात, आणि त्यांतील बारीक बीं विष्ठेबरोबर भिंतीच्या फटींत, गच्चीच्या कोपऱ्यांत, देवळाच्या शिखरावर, पन्हाळाच्या तोंडाशीं पडतें. पावसाची ओल आणि चिमूटभर माती एवढें भांडवल त्याला पुरतें. म्हणजे कांहीं झाडें घराकडे बाहेरून चालून येतात, आणि कांहीं घराच्या अंगावरच जन्म घेतात. या दोन्ही प्रकारांचा बंदोबस्त आमच्या आणि परक्यांच्या पूर्वजांनीं कसा केला, हें आतां क्रमानें पाहूं.

सर्वांत जुना स्पष्ट नियम सांपडतो तो ग्रीस देशांत. इ. स. पूर्वी ५९४ सालीं सोलन हा अथेन्सचा मुख्य अधिकारी झाला. त्याचें चरित्र प्लुटार्क या ग्रंथकारानें सुमारें सातशें वर्षांनंतर लिहिलें. त्यांत सोलनचा एक कायदा नमूद आहे : ज्याला आपल्या जमिनींत झाड लावावयाचें असेल त्यानें शेजाऱ्याच्या हद्दीपासून पांच फूट अंतर सोडावें, पण झाड अंजिराचें किंवा ऑलिव्हचें असेल तर नऊ फूट सोडावें. प्लुटार्कनें याचें कारणहि दिलें आहे. या दोन झाडांचीं मुळें इतरांपेक्षां लांब धांवतात आणि शेजारच्या झाडांचा आहार ओढून घेतात. हा कायदा शेताच्या बांधाचा आहे, घराच्या पायाचा नव्हे, हें खरें. तरी त्यांतील शहाणपण लक्षांत घेण्याजोगें आहे. सोलननें झाड लावूं नका असें म्हटलें नाहीं, शेजाऱ्याला कुऱ्हाडहि दिली नाहीं. त्यानें अंतर ठरवून दिलें; आणि तें सर्व झाडांना सारखें न ठेवितां ज्या झाडाचें मूळ जितकें लांब, तितकें त्याचें अंतर अधिक धरिलें. अंजीर हा आपल्या वड-पिंपळांच्याच कुळांतील वृक्ष आहे, हें येथें सांगितलें पाहिजे.

सोलनचा हा नियम रोमन लोकांसहि ठाऊक होता. गायस या त्यांच्या प्रसिद्ध कायदेपंडितानें दुसऱ्या शतकांत त्याचा उल्लेख केला आहे. रोमच्या स्वतःच्या आद्य कायद्यांत, म्हणजे इ. स. पूर्वी ४५० च्या सुमाराच्या द्वादश पट्टिकांत, शेजाऱ्याच्या जागेवर लोंबणाऱ्या फांद्या पंधरा फुटांच्या उंचीपर्यंत छाटण्याची तरतूद होती. फांदी डोळ्यांना दिसते, म्हणून तिचा कायदा आधीं झाला. मूळ दिसत नाहीं, म्हणून त्याचा विचार मागाहून झाला. पोम्पोनियस नांवाच्या पंडितानें त्यावर मत दिलें तें असें : शेजाऱ्याच्या झाडाचें मूळ आपल्या जमिनींत आलें, तर तें आपल्या हातानें तोडण्याचा अधिकार आपणांस नाहीं, मात्र न्यायालयांत दाद मागण्याचा अधिकार आहे. एखाद्यानें आपल्या घराची तुळई शेजाऱ्याच्या जागेंत पुढें काढली तर जी फिर्याद करावयाची, तीच येथें करावी.

यापुढची हकीकत तर अगदीं आपल्या गल्लींत घडल्यासारखी आहे. इ. स. २२२ ते २३५ पर्यंत रोमच्या गादीवर अलेक्झांडर सेव्हेरस नांवाचा बादशहा होता. त्याच्याकडे एका गृहस्थानें अर्ज केला. शेजारीं अगाथान्गेलस नांवाच्या इसमाची मोकळी जागा, तींत झाडें, त्या झाडांचीं मुळें वाढत वाढत अर्जदाराच्या घराच्या पायाशीं येऊन पोंचलीं आणि घर धोक्यांत आलें. बादशहानें उत्तर दिलें, त्याचा मथितार्थ असा : झाडाच्या निमित्तानेंहि शेजाऱ्यास उपद्रव देणें योग्य नाहीं, हें फांद्यांविषयींच्या जुन्या हुकुमांवरून दिसतेंच, प्रांताच्या अधिकाऱ्यानें त्याच धोरणानें या प्रकरणाची न्याय्य वाट लावावी. पुढें सहाव्या शतकांत जस्टिनियन बादशहानें कायद्यांचा संग्रह करविला, त्यांत हा निवाडा समाविष्ट झाला, आणि म्हणून तो आपल्यापर्यंत आला. ज्या साम्राज्यानें एवढ्या लढाया मारल्या, त्याच्या अधिपतीस एका घराच्या पायाखालच्या मुळांचीहि दखल घ्यावी लागली. सामान्य गृहस्थाच्या दृष्टीनें पाहिलें तर राज्य असतें तें अशाच कामांकरितां.

आतां आपल्याकडे वळूं. आमच्या शास्त्रकारांनीं झाडाला आधीं त्याचें योग्य स्थान नेमून दिलें. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायांत गांवांच्या सीमेचा तंटा आला आहे. सीमा कायम ओळखतां यावी म्हणून तिच्यावर वड, पिंपळ, पळस, सांवरी, साल, ताड आणि चिकाचे वृक्ष लावावे, असें तेथें सांगितलें आहे. हे बहुतेक दीर्घायुषी वृक्ष, आणि वड-पिंपळांचें मूळ तर एकदां बसलें कीं सहजासहजीं हलावयाचें नाहीं. म्हणून ते सीमेला उत्तम. पण जो गुण सीमेवर हवासा, तोच भिंतीजवळ नकोसा होतो. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत वास्तुविद्येचा अध्याय आहे. त्यांत घराजवळ कांटेरी झाडें असूं नयेत, चिकाचीं असूं नयेत, फळझाडेंहि असूं नयेत, असा निषेध सांगून प्रत्येकाचें अशुभ फळ दिलें आहे. चिकाच्या झाडांचें फळ अर्थनाश. हीं फळें ज्योतिषाच्या भाषेंतलीं आहेत, आणि तीं अक्षरशः मानलींच पाहिजेत असा माझा आग्रह नाहीं. परंतु चिकाचे वृक्ष म्हणजे मुख्यतः वड, पिंपळ आणि उंबर यांचेंच कुळ. ज्यानें एकदां पिंपळानें फोडलेली भिंत उतरवून पुन्हां बांधली असेल, त्याला अर्थनाश या शब्दाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत घ्यावी. त्याच ग्रंथांत, त्याच प्रकरणांत, घराच्या उत्तरेस प्लक्ष, पूर्वेस वड, दक्षिणेस उंबर आणि पश्चिमेस पिंपळ शुभ मानला आहे. मग हाच वृक्ष एका श्लोकांत शुभ आणि दुसऱ्यांत अशुभ कसा ? माझ्या समजुतीप्रमाणें याचें उत्तर वराहमिहिराच्या एका शब्दांत आहे. निषेध आहे तो 'आसन्न' वृक्षांचा, म्हणजे घराला लागून असलेल्या वृक्षांचा. दोष वृक्षाचा नसून जवळिकीचा आहे. इतकेंच नव्हे, तर असे वृक्ष तोडावयाचे नसतील तर घर व ते यांच्या मध्यें अशोक, बकुळ, फणस, शमी यांसारखीं झाडें लावावीं, अशीहि सवड त्यानें ठेविली आहे. आणि पुढें वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत झाडाझाडांतील अंतर वीस हात असावें तें उत्तम, सोळा हात मध्यम, आणि बारा हातांहून कमी तर असूंच नये, असें मापच दिलें आहे. वीस हात म्हणजे सुमारें तीस फूट. आजच्या शहरांत आपण दोन झाडांमध्यें राहो, पण झाड आणि घर यांच्यामध्येंहि एवढी जागा ठेवीत नाहीं.

शास्त्र पोथींत राहिलें तरी आमच्या खेड्यांनीं तें रूढीच्या रूपानें पाळलें. पिंपळाची जागा कोठें ? गांवच्या चौकांत, वेशीपाशीं, देवळाच्या पटांगणांत. त्याच्याभोंवतीं पार बांधावयाचा, पारावर मारुती किंवा नागोबा बसवावयाचा, आणि वाटसरूनें तेथें सावलीला टेंकावयाचें. पार हा नुसता ओटा नव्हे; झाडाला दिलेलें तें स्वतंत्र घरच आहे. झाड आपल्या घरांत, माणसें आपल्या घरांत. मध्यें मोकळी जागा. आणि पिंपळावर मुंजा राहतो ही जी समजूत, तिनेंहि एका परीनें हेंच साधलें. मुंजाच्या भयानें घराचें अंगण आणि पिंपळ यांच्यांत माणूस आपण होऊन अंतर राखीत असे. मात्र या समजुतीची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. वाड्याच्या भिंतींत पिंपळाचें चार पानांचें रोप दिसलें, तर तें उपटण्यास कोणाचा हात धजत नसे. चार पानांचें तें झाड चाळीस वर्षांत भिंतीचें मालक होई. भक्ति खोटी नव्हती. पण ती चुकीच्या जागीं खर्च होत होती. तेंच रोप मुळासकट काढून मोकळ्या जागीं लावलें असतें, तर पुण्यहि पदरीं पडलें असतें आणि भिंतहि वांचली असती.

भक्ति आणि व्यवहार यांचा मेळ कसा घालावा, हें पाहण्यास मराठी राज्याच्या आज्ञापत्रासारखा दुसरा ग्रंथ नाहीं. शिवछत्रपतींच्या काळापासून राज्याची सेवा केलेले रामचंद्रपंत अमात्य यांनीं इ. स. १७१५ च्या सुमारास तें लिहिलें. त्यांत दुर्गांचें प्रकरण आहे. गडाच्या सभोंवतालचें रान हें गडाचें संरक्षण आहे. तें प्रयत्नपूर्वक वाढवावें, त्यांतील एक काठीहि तोडूं देऊं नये, असें पंत सांगतात. आणि तेच पंत तटावर जीं झाडें उगवतात तीं वरचेवर कापून काढावीं, गवत जाळून तट स्वच्छ करावा, असेंहि बजावतात. एकाच लेखणीनें एकाच प्रकरणांत या दोन आज्ञा लिहिल्या आहेत, आणि त्यांत विसंगति तिळमात्र नाहीं. उतारावरचें झाड शत्रूला अडवितें. तटांतलें झाड शत्रूचें काम स्वतःच करतें. पंतांचा 'वरचेवर' हा कटाक्ष फार महत्त्वाचा आहे. सोलन व वराहमिहिर यांनीं अंतर सांगितलें. अमात्यांनीं त्याला वेळेची जोड दिली. झाड मोठें झाल्यावर एकदां मोठी मोहीम काढावी असें ते म्हणत नाहींत. तें लहान असतांना, पुन्हां पुन्हां, न कंटाळतां काढावें, असें म्हणतात. आज आपण एखाद्या पडक्या गडावर जातों आणि बुरुजाच्या चिऱ्यांतून डोकावणारा पिंपळ पाहतों, तेव्हां त्या गडावर हा नियम पाळणारें माणूस कित्येक वर्षांत उरलें नाहीं, हीच गोष्ट तो पिंपळ आपणांस सांगत असतो.

हा नियम पाळणारें कोणीच उरलें नाहीं तर शेवट काय होतो, हें पाहावयाचें असेल तर कंबोडिया देशांत अंगकोर येथें जावें लागेल. तेथें ता प्रोम नांवाचें विख्यात मंदिर आहे. राजा सातवा जयवर्मा यानें तें इ. स. ११८६ मध्यें आपल्या मातेच्या स्मरणार्थ स्थापिलें. त्याचें मूळ नांव राजविहार. तेथील संस्कृत शिलालेखाप्रमाणें या एका स्थानाच्या सेवेस ३,१४० गांवें आणि ७९,३६५ माणसें लावून दिलेलीं होतीं. एवढ्या माणसांत भिंतींतलें रोप उपटणारे हातहि असतीलच. पुढें राजधानी हलली, माणसें गेलीं, आणि रान आंत आलें. पक्ष्यांनीं व वाऱ्यानें आणलेलीं बीं छतांवर रुजलीं. मुळें चिऱ्यांवरून अजगराप्रमाणें उतरलीं आणि सांध्यांत शिरलीं. तेथील सर्वांत प्रचंड झाडें ज्या जातीचीं आहेत, ती जात आपल्या सह्याद्रीच्या रानांतहि आढळते. शास्त्रज्ञ तिला टेट्रामेलीस म्हणतात.

१९०७ सालीं हा मुलूख सयामकडून फ्रेंचांच्या ताब्यांत आला, आणि दुसऱ्या वर्षीं तेथें मंदिरांच्या जतनाचें कार्यालय निघालें. फ्रेंच पंडितांनीं इतर मंदिरें साफ केलीं, पण ता प्रोम बहुतांशीं सांपडलें तशा स्थितींतच ठेविलें. त्यांत सौंदर्याची दृष्टि होतीच. पण तेथें एक व्यावहारिक पेंचहि आहे, आणि तो प्रत्येक घरमालकानें समजून घ्यावा असा आहे. चिरे पाडलें तें मुळांनीं. आणि उरलेले चिरे धरून ठेविलेले आहेत तेहि त्याच मुळांनीं. झाड तोडावें तर कालांतरानें मूळ कुजतें, त्याच्या जागीं पोकळी राहते, आणि भिंत खालीं येते. न तोडावें तर तें वाढतच जातें, आणि वादळांत झाड उन्मळलें तर छप्पर घेऊन पडतें. एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून आपल्या भारतीय पुरातत्त्व विभागाचे तज्ज्ञ कंबोडियाच्या अधिकाऱ्यांबरोबर तेथें काम करीत आहेत. मुळांना आधार देणें, भिंतींना आधार देणें, प्रत्येक झाडाचा स्वतंत्र विचार करणें, असें तें अतिशय जिकिरीचें काम आहे. जें काम पहिल्या वर्षीं दोन बोटांनीं झालें असतें, त्याला आज दोन देशांचे शास्त्रज्ञ लागतात.

हें झालें दिसणाऱ्या मुळांचें. पण मुळांचा दुसराहि एक प्रताप आहे, आणि तो भिंतीला स्पर्शहि न करितां घडतो. त्याची चर्चा विसाव्या शतकांत मुख्यतः इंग्लंडांत झाली. लंडन शहराचा मोठा भाग चिकणमातीवर वसला आहे. ही माती ओली झाली कीं फुगते आणि वाळली कीं आकसते. घराजवळचें मोठें झाड उन्हाळ्यांत तींतलें पाणी शोषून घेतें. माती आकसते, पायाचा एक कोपरा खचतो, आणि भिंतीला तिरपा तडा जातो. १९४० सालीं अशा एका खटल्याचा निकाल लागला. एका कंपनीनें आपल्या हद्दींत पॉप्लर झाडांची रांग लावली होती. त्यांच्या मुळांनीं शेजारच्या घराखालची माती वाळविली आणि घर खचलें. कंपनी दोषी ठरली. त्यापूर्वीं १८९४ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें फांद्यांविषयीं असें ठरविलें होतें कीं, शेजाऱ्याच्या जागेंत पाय न ठेवितां आपल्याकडे आलेली फांदी छाटावयाची असेल तर त्याला आगाऊ सूचना देण्याचीहि आवश्यकता नाहीं. आणि हाच न्याय इंग्लंडांत मुळांनाहि लावतात. रोमचा पोम्पोनियस म्हणतो, हात लावूं नका, न्यायाधीशाकडे जा. इंग्लंडचा कायदा म्हणतो, आपल्या हद्दींत आलेलें खुशाल तोडा. दोन्ही मतें विचारी माणसांचीं आहेत. त्यांच्यामधील निवड सोपी असती तर हा तंटा केव्हांच मिटला असता.

१९७५-७६ च्या भयंकर अवर्षणानें या प्रश्नाला ऊग्र रूप दिलें. विमा कंपन्यांनीं १९७१ पासून घरे खचण्याची जोखीम पत्करण्यास आरंभ केला होता. अवर्षणानंतर त्यांच्याकडे दाव्यांची रीघ लागली. त्याच सुमारास क्यू येथील प्रसिद्ध वनस्पति-उद्यानाच्या शास्त्रज्ञांनीं इमारतींस झालेल्या नुकसानीची आणि जवळच्या झाडांची पद्धतशीर टिपणें गोळा केलीं. तीं १९८१ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालीं. त्यांत इजा झालेल्या इमारतीपासून झाडाचें जास्तींत जास्त अंतर ओक व पॉप्लर यांच्या बाबतींत ३० मीटर, आणि विलोच्या बाबतींत ४० मीटर आढळलें. हे अपवादात्मक आंकडे आहेत. बहुसंख्य प्रकरणें याहून पुष्कळ जवळचीं होतीं. तरी झाडाझाडांत केवढा फरक असतो, हें सोलनचें तत्त्व येथें मोजमापानें सिद्ध झालें.

शेवटीं २००१ सालचा तो खटला. लंडनमध्यें डेलावेअर मॅन्शन्स नांवाच्या इमारतींसमोरच्या पदपथावर नगरपालिकेचें एक झाड होतें. त्याच्या मुळांनीं इमारतीला तडे गेले. मालकांनीं पालिकेला कळविलें. झाड काढलें गेलें नाहीं. मालकांना पाया खालून पुन्हां बांधून घ्यावा लागला आणि सुमारें पांच लाख सत्तर हजार पौंड खर्च आला. हाउस ऑफ लॉर्ड्सनें तो खर्च पालिकेवर बसविला. त्यामागील तत्त्व असें : झाडाच्या मालकास धोक्याची सूचना आणि उपाय करण्यास वाजवी अवधि मिळाला पाहिजे, तो मिळूनहि त्यानें कांहीं केलें नाहीं, तर वाजवी खर्च त्याच्याकडून घेतां येतो. सतराशेंहून अधिक वर्षांपूर्वीं अलेक्झांडर सेव्हेरसनें जी न्याय्य वाट लावण्यास सांगितलें होतें, तिचाच हा पुढचा टप्पा नव्हे काय ?

परदेशची ही चर्चा आमच्या उपयोगाची कशी, असें आपण विचाराल. दक्खनची काळी माती त्या लंडनच्या मातीची थोरली बहीण शोभेल अशी आहे. उन्हाळ्यांत शेतांत हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यांत तीच माती फुगलेली, हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. म्हणूनच जुने गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणीत. अशा मातींत घराजवळचें जुनें झाड एकाएकीं तोडणें हेंहि संकटाचें होऊं शकतें. कारण झाड पीत होतें तें पाणी आतां मातींतच राहतें, माती फुगते, आणि पूर्वीं खचणारें घर आतां उचललें जातें. तडा दिसला कीं कुऱ्हाड आणावी, हा विचार जितका स्वाभाविक तितकाच घाईचा आहे. शिवाय महाराष्ट्रांतील शहरांत १९७५ च्या अधिनियमानें झाडांना कायद्याचें संरक्षण दिलें आहे. वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्यावांचून झाड तोडतां येत नाहीं, आणि २०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा-वृक्षाचा मान मिळाला आहे. हें योग्यच झालें. पंतांनीं गडाभोंवतींच्या रानाला जें अभय दिलें, तेंच हें.

मग घरमालकानें करावें काय ? पावसाळा सरतांना, भाद्रपद-आश्विनांत, एकदां घराभोंवतीं फिरून पन्हाळ, गच्चीचे कोपरे, जोत्याचे चिरे आणि मोरीची बाजू पाहावी. रोप करंगळीएवढें आहे तोंच, भिंत ओली असतांना, मुळासकट काढावें. नुसता शेंडा खुडला तर तें दुप्पट जोमानें फुटतें. मग ती फट भरावी, आणि तेथें ओल कोठून येते तें शोधून गळती बंद करावी. कारण गळका नळ मुळाला निमंत्रणच देत असतो. झाड मोठें असेल आणि तडे दिसत असतील, तर आधीं जाणत्या इंजिनियरकडून कारण समजून घ्यावें. सर्वच तडे झाडामुळें पडत नाहींत. बुंध्याजवळचीं जाड मुळें मात्र मनानें कधींहि तोडूं नयेत. झाडाचा तोल त्यांवर असतो, आणि पुढच्या वादळांत तें ज्या बाजूस पडेल ती बाजू बहुधा आपलीच असते. आणि नवें झाड लावतांना रोपट्याकडे न पाहतां तें पन्नास वर्षांनीं केवढें होईल तिकडे पाहावें.

अथेन्सपासून आपल्या गडांपर्यंत या सर्व इतिहासाचें सार दोन शब्दांत सांगतां येतें : अंतर आणि वेळ. लावतांना अंतर राखलें आणि उगवतांना वेळ साधली, तर घर आणि झाड यांच्यांत वैराचें कारणच उरत नाहीं. हीं दोन्ही चुकलीं, कीं मग वकील, इंजिनियर आणि कुऱ्हाड यांची पाळी येते, आणि त्या तिघांपैकीं कोणीहि आला तरी घर किंवा झाड यांपैकीं एकाचें नुकसान ठरलेलेंच असतें. आपल्या मुलांना सावलीहि हवी आहे आणि छप्परहि हवें आहे. दोन्ही देण्यास पुरेल एवढें शहाणपण पूर्वजांनीं आपणांस लिहून ठेविलें आहे. यंदाच्या आश्विनांत तें आपल्या भिंतीपाशीं उभें राहून एकदां वापरून पाहावें, एवढीच माझी विनंति आहे.